बोडी बुजवायची की राखायची?



या सदरातून आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, परीक्षेची तयारी अशा विषयांवर लिहीत असतो. आज विषय थोडा वेगळा आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नववीत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र आमच्याकडे आले आहे. ती लिहिते, "आमच्या टोलीच्या मागे एक बोडी आहे. ती बुजवून तिथे मैदान करायचे असे गावात चालले आहे. पुढच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. बाबा म्हणतात, बरे झाले, डास जातील. शाळेत मात्र आम्हांला पाणथळ जागांचे महत्त्व हा प्रकल्प दिला आहे. पुस्तकात लिहिले आहे की पाणथळ जागा राखली पाहिजे. मी कोणाचे ऐकू?"

पत्र लहान आहे, पण प्रश्न लहान नाही. या मुलीने पुस्तकातील धडा आणि गावातील बोडी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. शिक्षणाचा खरा उपयोग तो हाच. म्हणून तिला पोस्टाने चार ओळी पाठवण्याऐवजी सर्वांसाठीच उत्तर लिहावे असे आम्ही ठरविले.

आधी एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या वस्तीमागची बोडी बुजविण्यात आम्हीच पुढे होतो. समाजभवनासाठी जागा पाहिजे होती. बोडीत बेशरम माजली होती, कडेला उकिरडे होते, उन्हाळ्यात वास येत असे. आम्ही तरुण मंडळींनी घरोघर फिरून सह्या घेतल्या. अर्ज आमच्याच अक्षरात होता आणि त्यात 'निरुपयोगी खड्डा' असे शब्द आम्हीच लिहिले होते. बोडी बुजली. आम्हांला मोठे काम केल्याचा आनंद झाला. पुढच्याच उन्हाळ्यापासून वस्तीतली विहीर चैत्रात तळ दाखवू लागली. पूर्वी तीत जेठापर्यंत पाणी राहत असे. आणि पावसाळ्यात खालच्या अंगाच्या चार घरांत पाणी शिरू लागले. त्या घरांतली एक वृद्ध आजी आम्हांला म्हणाली, "बाबू, पान्याची जागा तुमी घेतली, आता पानी तुमची जागा घेते." आमची बी.कॉम.ची पदवी त्या एका वाक्यापुढे कमी पडली. आज जे लिहीत आहोत ते त्या चुकीतून शिकून लिहीत आहोत.

पाणथळ म्हणजे काय?

जी जमीन वर्षभर किंवा वर्षातील काही महिने उथळ पाण्याखाली किंवा चिखलात असते ती पाणथळ जागा. तलाव, बोडी, नदीकाठची दलदल, समुद्रकाठची खाडी या सर्व पाणथळ जागाच होत. ती निसर्गाने केलेली असो की माणसाने खोदलेली, कायमची असो की हंगामी. आपल्याकडची धानाची बांधीसुद्धा पावसाळ्याचे चार महिने पाणथळच असते. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी या जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर हे स्थळ २०१९ साली, लोणार सरोवर २०२० साली, तर ठाण्याची खाडी २०२२ साली या यादीत आली. गोंदिया जिल्ह्याचे नाव त्या यादीत नसले, तरी पाणथळ जागांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, हे विसरू नये.

ही श्रीमंती आपोआप आली नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी उताराच्या जागा पाहून मातीच्या पाळी घातल्या आणि तलाव बांधले. मालगुजारीच्या काळात ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' म्हणजेच 'मामा तलाव' असे पडले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगतात. त्याच्या परिसरात १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आपण ज्याला खड्डा म्हणतो, त्यामागे कितीतरी पिढ्यांची अक्कल आणि मातीच्या टोपल्या डोक्यावर वाहणाऱ्या असंख्य माणसांची मेहनत आहे.

बोडीचा जमाखर्च

आम्ही पेशाने कारकून. आम्हांला प्रत्येक गोष्ट जमाखर्चात मांडून पाहण्याची खोड आहे. तेव्हा बोडीचाही हिशेब मांडू या.

पहिली जमा पाण्याची. एक एकराची बोडी आणि तीत सरासरी एक मीटर पाणी धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ४,०४७ घनमीटर पाणी, अर्थात सुमारे ४० लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी आणायचे तर ४०० खेपा लागतील. यातले काही पाणी उन्हाने उडून जाते, काही जनावरे पितात, काही शेताला जाते आणि काही हळूहळू जमिनीत मुरून जवळच्या विहिरींना मिळते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची तर बचत खाते पाहिजे. बोडी हे गावाचे बचत खाते आहे.

दुसरी जमा पुराच्या बचावाची. जोराचा पाऊस झाला की उतारावरचे पाणी आधी बोडीत थांबते, मग सांडव्यावरून सावकाश पुढे जाते. बोडी बुजली म्हणजे पाऊस कमी होत नाही, फक्त पाण्याची थांबण्याची जागा जाते. मग ते वाट फुटेल तिकडे शिरते, आणि गावातली सखल जागा बहुधा कोणाच्या वस्तीची असते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तिसरी जमा अन्नाची. मासे, शिंगाडे, कमळकांदे, खेकडे, पाणभाज्या, शेतात टाकायला गाळ, जनावरांना काठावरचे हिरवे गवत. ज्याच्याकडे दहा एकर धान आहे त्याला या गोष्टी किरकोळ वाटतील. भूमिहीन कुटुंबाला त्या किरकोळ नाहीत. ढिवर बांधवांचे तर सारे पोटच तलावावर आहे. बोडीची जागा सातबाऱ्यावर कोणाच्याही नावाने नसते, म्हणूनच ज्याच्या नावाने सातबारा नाही त्याला तिचा आधार असतो.

आता खर्चाची बाजू. पाळ दुरुस्त करावी लागते, गाळ काढावा लागतो, बेशरम उपटावी लागते, अतिक्रमणावर लक्ष ठेवावे लागते. लहान मुले बुडू नयेत म्हणून काळजी घ्यावी लागते. हा खर्च खरा आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. पण दोन्ही रकाने बेरीज करून पाहिले तर शिल्लक कोणत्या बाजूला पडते हे सातवीचा विद्यार्थीही सांगेल.

कोण कोणाला खातो?

पुस्तकात 'परिसंस्था' आणि 'अन्नसाखळी' हे शब्द आहेत. ते पाठ करू नका, बोडीच्या काठावर बसून पाहा. सूर्यप्रकाशावर शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात. त्यांना बारीक पाणकिडे आणि गोगलगायी खातात. त्यांना लहान मासे खातात. लहान माशांना मरळ खातो, खंड्या खातो, बगळा खातो. जे मरते त्याला चिखलातले सूक्ष्म जीव कुजवतात आणि त्याचे पुन्हा खत होऊन शेवाळाला मिळते. हे चक्र म्हणजेच परिसंस्था.

यातही हिशेब आहे. एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला पोचते, बाकीची जगण्यात, हालचालीत आणि उष्णतेत खर्च होते. म्हणजे ढोबळमानाने हजार किलो शेवाळावर शंभर किलो पाणकिडे, त्यावर दहा किलो लहान मासे आणि त्यावर एक किलो मोठा मासा. म्हणून वरचा एक प्राणी जगायचा तर खालचा पाया फार रुंद असावा लागतो. समाजातही पाया कोण आणि कळस कोण, हे आपण जाणतोच.

आता पत्रातील डासांचा मुद्दा. वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि बेशरमीने व कचऱ्याने भरलेल्या बोडीत ते होतात. पण जिवंत बोडीत डासांच्या अळ्या खाणारे मासे असतात, चतुराच्या अळ्या असतात, बेडूक असतात. नाल्या, फुटके डबे, टायर आणि डबकी यांत मात्र त्यांना खाणारे कोणी नसते. बोडी बुजवून नाली तशीच ठेवली तर डास जातील कसे? बेडकाचीच गोष्ट घ्या. एके काळी भारतातून बेडकांचे पाय परदेशी पाठविले जात. बेडूक शेतातले किडे खातो, तो संपला तर पिकाचे नुकसान होते, हे पटल्यावर १९८७ साली ही निर्यात बंद झाली. बेडकाने एका हंगामात खाल्लेल्या किड्यांचे बिल कोणी आपल्याला पाठवीत नाही, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

सारस काय सांगतो?

आपल्या जिल्ह्याचा मानाचा पक्षी म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागेल. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच राहिला आहे, थोडे भंडाऱ्यात. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही आहेत. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि आसपासच्या धानाच्या बांध्या ही त्याची घरे. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-काडीचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी पाळीपाळीने महिनाभर ती उबवितात. कंद, धान्याचे दाणे, गोगलगायी, किडे हे त्याचे अन्न.

अलीकडच्या वर्षांतील गणनांत आपल्या जिल्ह्यातील सारसांची संख्या पन्नासच्या आतच आली आहे. पाणथळ जागा आटणे, शेतातली विषारी औषधे आणि विजेच्या तारा ही त्याची प्रमुख कारणे होत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. गोंदियातील 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखण्याचे व मोजणीचे काम करीत आहे. आपल्या बांधीत सारसाने घरटे केले म्हणून तेवढा तुकडा न कापता ठेवणारे शेतकरीही याच जिल्ह्यात आहेत.

कोणी विचारील, माणसालाच पोटभर नाही, तिथे पक्ष्याचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की सारस हा ऑडिटरसारखा आहे. तो ज्या बांधीत राहतो तिथले पाणी, किडे, गोगलगायी ठीक आहेत असे समजावे. तो निघून गेला की त्याच बांधीतले पाणी पिणाऱ्या, तिथे वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या आरोग्याचीही चौकशी केली पाहिजे. ज्या औषधाने गोगलगाय मरते ते औषध मजुराच्या हातापायांनाही लागतेच.

आणि बिघडलेले दुरुस्त होते. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर बांधवांच्या आणि महिलांच्या बरोबरीने तलावातील बेशरम काढली, तळात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले, मासे आले तसे पक्षीही आले. कोणती वनस्पती कुठे लावायची हे ज्ञान कोणा मोठ्या पदवीधराकडे नव्हते, ते गावातल्या म्हाताऱ्या ढिवरांकडे आणि बायांकडे होते. आपल्या आजी-आजोबांना अडाणी समजणाऱ्या शिकलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे.

पाण्याचा हक्क आणि पाण्याची जागा

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाणवठा सर्व माणसांचा आहे, हा हक्क प्रस्थापित करण्यासाठी. तो खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. ज्या समाजाने एका तळ्यासाठी एवढे सोसले, त्याच समाजाच्या मुलांनी आपल्या वस्तीमागचे तळे मातीने भरण्यासाठी सह्या गोळा कराव्यात? आम्ही केल्या, म्हणूनच हे विचारण्याचा आम्हांला थोडा अधिकार आहे. पाण्याचा हक्क मिळाला आणि पाणवठाच राहिला नाही, तर त्या हक्काचे काय करायचे? ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांचे अडणार नाही. अडेल ते आपले.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. तलाव, बोडी या गावाच्या सामाईक संपत्ती असून त्या राखल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ साली सांगितले. जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली गावतळ्यावरचे अतिक्रमण नियमित करता येणार नाही असे बजावले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणून केवळ त्या नियमांच्या भरवशावर मामा तलाव वाचतील असे समजू नका. आपल्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या नोंदी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना स्थान आहे. गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, मासेमारीचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. तलाठी कार्यालयात जाऊन त्या मागा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे त्यांपैकी एक. पर्यावरण हा विषय शाळेत शिकवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. तेव्हा प्रकल्प म्हणजे चित्रे कापून चिकटविणे नव्हे. एक शंभर पानी वही घ्या आणि पुढील नोंदी ठेवा.

१. बोडीत खुणा केलेली काठी रोवून दर रविवारी पाण्याची उंची लिहा. काठी मोठ्या माणसाकडून रोवून घ्या, एकट्याने खोल पाण्यात जाऊ नका.
२. त्याच दिवशी जवळच्या विहिरीतील पाणी दोरीने मोजा. सहा महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा.
३. आजीला, काकूला विचारून पाणवनस्पतींची गावची नावे व उपयोग लिहा.
४. पक्षी, मासे, बेडूक, चतुर यांची महिन्याची नोंद ठेवा. घरट्याजवळ जाऊ नका.
५. बोडीवर कोणाकोणाचे पोट अवलंबून आहे, त्या घरांची संख्या काढा.

ही वही घेऊन आईवडिलांसह ग्रामसभेत जा. तुम्हांला अजून मत देता येत नसले, तरी आईला उभे राहून वाचता येईल. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. मैदान पाहिजे ही मागणीही खोटी नाही. मुलांना खेळायला जागा हवीच. त्यासाठी गावात दुसरी कोरडी जागा कोणती, ती कोणाच्या अतिक्रमणात अडकली आहे, हेही त्याच सभेत विचारावे. मैदान आणि बोडी यांतले एकच काय ते निवडा, असे कोणी म्हणत असेल तर ते मुळीच मान्य करू नका.

आता पत्र लिहिणाऱ्या मुलीला. बेटा, तू विचारलेस कोणाचे ऐकू? पुस्तकाचे ऐकू नकोस, बाबांचेही ऐकू नकोस आणि आमचेही नको. 'पुस्तकात आहे म्हणून, वडीलधारे सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा,' ही शिकवण आपल्याला तथागतांनी दिली आहे. काठी रोव, विहीर मोज, घरे मोज आणि मग ते आकडे बाबांसमोर ठेव. बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना हिशेब दाखव. मुलीने मांडलेला हिशेब बाप सहसा खोडून काढीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या वस्तीत आता समाजभवनाच्या मागच्या अंगाला शोषखड्डे आणि एक लहान तळे खोदण्याचा अर्ज आम्ही केला आहे. तोही आमच्याच अक्षरात आहे. बुजविलेली बोडी काही त्याने परत येणार नाही. तुमची अजून शाबूत आहे. ग्रामसभेत काय झाले ते आम्हांला अवश्य कळवावे.

जयभीम.